महापालिकेचं स्वतःचं फायबर नेटवर्क: काच एक नंबर, कागदपत्रांची बोंब

पाचपैकी चार स्टार. आकडा आधीच सांगून टाकला, ज्यांना तेवढंच हवंय ते सुटले.

हा रिव्ह्यू घरच्या वायफायचा नाहीये बरं का. महापालिकेनं स्वतःच्याच इमारती जोडायला, म्हणजे मुख्य कार्यालय, वॉर्ड ऑफिसं, पाण्याची पंपिंग स्टेशनं, फायर स्टेशनं, दवाखाने, ग्रंथालयं, चौकातले सिग्नल आणि कॅमेरे असं सगळं एका जाळ्यात आणायला स्वतःच्या मालकीचं जे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूंची केबल, जमिनीत टाकलं त्याचा हा रिव्ह्यू आहे. मी काही निर्णय घेणारा साहेब वगैरे नाही, नेटवर्क टीममध्ये आहे, लिंक पडली की पहिला फोन मला येतो आणि लिंक चालू असली की कोणाला माझी आठवणही येत नाही. तेव्हा खाली जे आहे ते प्रेझेंटेशनच्या स्लाइडवरून उचललेलं नाही.

आधी सगळा भाड्याचा कारभार होता. प्रत्येक इमारतीला वेगळी लीज्ड लाइन, वेगळं बिल, वेगळी कॉन्ट्रॅक्ट संपायची तारीख, आणि स्पीड वाढवायचा म्हटलं की नवीन कोटेशन, नवीन मंजुरी, आणि ती मंजुरी येईपर्यंत ज्या कामासाठी स्पीड हवा होता ते काम कोणीतरी गुंडाळून ठेवलेलं असायचं. छोट्या ठिकाणी तर साधं ब्रॉडबँडच होतं, डाउनलोड भरपूर आणि अपलोड नावापुरता. आता गंमत अशी की महापालिकेच्या बऱ्याच ठिकाणांना हवा असतो तो अपलोडच. एक कॅमेरा चार एमबीपीएस धरला आणि एका ठिकाणी असे पन्नास असले तर २०० एमबीपीएस सतत, दिवसरात्र, एकाच दिशेनं वाहणार. हे भाड्याच्या लाइनीवर परवडायचंच नाही, म्हणून रेकॉर्डिंग जागेवरच आणि फुटेज लागलं की कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन गाडीवर निघालाय. पंपिंग स्टेशनचं उलटं, तिथला डेटा चिमूटभर, व्हॉल्व उघडा का बंद, टाकीत पाणी किती, एवढंच, पण तो चिमूटभर डेटा न चुकता पोचला पाहिजे, आणि नेमकी तीच लाइन सगळ्यात स्वस्तातली घेतलेली असायची कारण डेटा कमी आहे ना!

आता आवडलेल्या गोष्टी.

सगळ्यात भारी काय तर स्पीड वाढवायला कोणाला विचारावं लागत नाही. जमिनीतली काच तीच राहते, दोन्ही टोकांच्या स्विचमधले (म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायच्या पेटीतले) एसएफपी, म्हणजे प्रकाश सोडणारी-घेणारी छोटी मॉड्यूल, बदलायचे, एक गिगचे काढायचे, दहा गिगचे घालायचे, स्विचच्या पोर्टला झेपत असेल तर काम तिथंच संपलं. आमच्या एका वॉर्ड ऑफिसात सगळं स्कॅनिंग सेंट्रल सर्व्हरवर घ्यायचं ठरलं आणि लोक ओरडायला लागले की फाइल उघडत नाही, तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत दोन मॉड्यूल बदलून परत आलो. आधी याच कामाला फाइल किती टेबलं फिरली असती ते सरकारी ऑफिसात काम केलेल्याला सांगायची गरज नाही.

हे शक्य होतं कारण सिंगल मोड, म्हणजे बारीक गाभ्याचं लांब पल्ल्याचं फायबर, ही चीजच तशी आहे. आतला गाभा साधारण ९ मायक्रॉन, त्याभोवतीची काच १२५ मायक्रॉन, वरचं कोटिंग धरून २५०, आणि त्यातून लेझरचा प्रकाश जातो तेव्हा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीला किलोमीटरमागं साधारण ०.३५ डीबी (डेसिबल, घट मोजायचं एकक) आणि १५५० ला ०.२ च्या आसपास एवढीच घट होते. शहरातली अंतरं ती किती असणार, पाच, आठ, फार तर पंधरा किलोमीटर, म्हणजे काचेच्या मानानं काहीच नाही. काच २५-३० वर्षं आरामात टिकते, स्विच मात्र सातआठ वर्षांत म्हातारे होतात, त्यामुळं महागाचं काम एकदाच आणि स्वस्तातलं काम परत परत असा हिशोब बसतो. मल्टिमोड, म्हणजे जाड गाभ्याचं कमी अंतराचं फायबर, कोणी रस्त्यावर टाकायला सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा, ते इमारतीच्या आत ठीक आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे सगळं एका खोलीत आल्यासारखं वागतं. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद, म्हणजे दहा किलोमीटरवरच्या दवाखान्यातला संगणक आणि शेजारच्या टेबलावरचा संगणक यात माणसाला फरक कळायचं कारणच नाही. प्रत्येक इमारतीतला छोटा सर्व्हर, त्याचा छोटा एसी, त्याचा कधीच न होणारा बॅकअप, हे सगळं उचलून आणलं आणि दोन ठिकाणी नीट लावलं. इमारती-इमारतींमधले फोन आता नेटवर्कवरूनच. माझ्या मते पैसे खरे इथं वाचले, लाइनीच्या भाड्यात वाचले ते दिसतात पण हे न दिसणारे जास्त आहेत.

जोडीला एक सावधगिरी. मॉड्यूल बदलणं सोपं आहे म्हणून कोणतंही मॉड्यूल कुठंही घालायचं नसतं. कोणीतरी ‘लांब पल्ल्याचं घेतलेलं बरं’ म्हणून ८० किलोमीटरवालं मॉड्यूल तीन किलोमीटरच्या लिंकला लावतो, समोरच्या रिसीव्हरवर नको इतका प्रकाश जाऊन तो भाजून निघतो आणि मग माल खराब आला म्हणून सप्लायरला शिव्या. एवढ्या अंतराला दहा किलोमीटरवालं साधं मॉड्यूल पुरतं, आणि मोठंच लावायचं असेल तर मध्ये अटेन्युएटर, म्हणजे प्रकाश कमी करणारा तुकडा, घाला. तसंच हिरवा कनेक्टर आणि निळा कनेक्टर. हिरव्याचं टोक आठ अंशात तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं, दोघं एकमेकात बसतात दिसायला, पण मध्ये फट राहते आणि सिग्नलची वाट लागते. हा एक प्रकार इतक्या वेळा झालाय की आता नव्या पोराला पहिल्या दिवशी हातात पासवर्ड द्यायच्या आधी दोन रंगांचे कनेक्टर देतो.

आता रिंगबद्दल बोलू, कारण इथं विकणारे सगळ्यात गोड बोलतात.

रिंग म्हणजे प्रत्येक इमारतीला दोन बाजूंनी फायबर, एक बाजू तुटली तर ट्रॅफिक उलट्या बाजूनं फिरतं, आणि नीट लावलं असेल तर ५० मिलिसेकंदांच्या आत फिरतं, फोनवर बोलणाऱ्याला कळतही नाही. कागदावर आमच्या सगळ्या महत्त्वाच्या इमारती रिंगवर आहेत. नकाशा सुंदर, गोल गोल. पण एका बाजूला फायबर टाकायला परवानगी मिळाली नाही, मध्ये पूल होता, पुलावरून न्यायचं तर वेगळ्या खात्याची मंजुरी, मग ठेकेदारानं काय केलं तर जाणारी आणि येणारी दोन्ही फायबर एकाच चरीतून, एकाच डक्टमधून, म्हणजे जमिनीतल्या एकाच पाइपातून, नेली. दोन दोऱ्या आहेत पण खुंटी एकच. पुढं त्या रस्त्यावर गटाराचं काम निघालं, जेसीबीचा दात बसला आणि रिंगच्या दोन्ही बाजू एकाच घावात गेल्या, फायर स्टेशनसकट. रिंग आहे ना, मग बंद कसं पडलं, हा प्रश्न मला वरून ज्या सुरात विचारला गेला तो सूर अजून कानात आहे. तेव्हा नेटवर्क घेताना नकाशावरचा गोल बघू नका, दोन केबल इमारतीच्या कोणत्या भिंतीतून आत येतात ते जाऊन बघा. दोन्ही एकाच पाइपातून येत असतील तर ती रिंग नाही. मध्ये कुठं एकत्र येतात तेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुटलेलं फायबर दुरुस्त होताना एकदा तरी बघावं असं माझं मत आहे, विशेषतः जे बजेट मंजूर करतात त्यांनी. चेंबरचं, म्हणजे केबलच्या जोडांसाठी रस्त्यात बांधलेल्या खड्ड्याचं, झाकण उघडलं की आधी पाणी उपसायचं. मग केबलचा राखून ठेवलेला वेटोळा बाहेर काढून गाडीत किंवा छोट्या तंबूत न्यायचा कारण धूळ आणि वारा दोन्ही चालत नाहीत. बाहेरचं काळं आवरण सोललं की आत नळ्या, प्रत्येक नळीत बारा तंतू, जेलनं बरबटलेले, आणि त्यांचा क्रम ठरलेला, निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आणि शेवटी तो फिकट निळसर हिरवा ज्याला सगळे ॲक्वा म्हणतात. नळ्यांचाही क्रम तोच. आमचे स्प्लायसिंगवाले, म्हणजे तंतू जोडणारे, दादा हा क्रम पुटपुटतच काम करतात, बाराचं चक्र संपलं की परत निळ्यापासून. तंतू सोलायचा, अल्कोहोलनं पुसायचा, क्लीव्हरनं कापायचा, मशीनमध्ये दोन टोकं समोरासमोर, स्क्रीनवर केसाएवढ्या तंतूची दोन खांबांसारखी चित्रं दिसतात, एक ठिणगी, आणि दोन्हीचं एक होतं. घट ०.०५ डीबीच्या आत आली तर पुढचा, नाही आली तर तोडा आणि परत. १४४ तंतूंची केबल दोन्ही बाजूंनी जोडायची म्हणजे अख्खी रात्र जाते हो, आणि मध्येच कोणीतरी फोन करून विचारतं ‘अजून किती वेळ’.

या दादांकडून शिकलेली एक गोष्ट इथं सांगतोच, कारण यावर आमचे पैसे वाचलेत. एका दवाखान्याची लिंक चालू होती पण दगदग करत होती, मध्येच एरर, मध्येच ठीक. ठेकेदाराचं म्हणणं, केबल खराब झाली, नवीन ओढावी लागेल, एस्टिमेट देतो. दादांनी ओटीडीआर लावला. हे यंत्र काचेत प्रकाशाचा स्पंद सोडतं आणि परत येणारा अगदी क्षीण प्रकाश मोजून कुठं किती घट आहे त्याचा आलेख काढतं. १३१० वर मोजलं तर एका ठिकाणी किरकोळ पायरी. १५५० वर मोजलं तर त्याच ठिकाणी भली मोठी पायरी. दादा म्हणाले, "साहेब, केबलला काही झालेलं नाही, ट्रेमध्ये कोणीतरी मुडपलंय." वाकलेल्या काचेतून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त निसटतो, वाईट जोड असेल तर दोन्हीकडं साधारण सारखीच घट दिसते, म्हणून दोन्हीवर मोजायचं. जॉइंट बॉक्स उघडला तर झाकण लावताना एक वेटोळं स्क्रूखाली दाबलं गेलेलं. सोडवलं, परत गुंडाळलं, लिंक ठणठणीत. म्हणून स्वीकृतीच्या वेळी ठेकेदाराकडून दोन्ही तरंगलांबींवर आणि दोन्ही टोकांकडून काढलेले आलेख घ्या, प्रत्येक तंतूचे, वापरात नसलेल्यांचेसुद्धा, आणि प्रिंट नको, मूळ फाइली घ्या.

आता तो कापलेला स्टार.

फायबर कुठं पुरलंय हे कोणाला नीट माहीत नाही. झालं बोलून. ठेकेदारानं जो अॅज-बिल्ट नकाशा, म्हणजे प्रत्यक्षात जसं टाकलं तसा, दिला तो बऱ्याच ठिकाणी मूळ डिझाइनचाच नकाशा आहे, फक्त शिक्का बदललेला. प्रत्यक्षात मध्ये झाड आलं, मोठी जलवाहिनी आली, कोणाचं तरी फाटक आलं, आणि चर रस्त्याच्या या बाजूवरून त्या बाजूला गेली, ते कागदावर कुठंच नाही. ओटीडीआर सांगतो की तुटलंय ३४०० मीटरवर, पण ते काचेतले मीटर आहेत. प्रत्येक चेंबरमध्ये वीसतीस मीटरचं वेटोळं ठेवलेलं असतं, शिवाय नळीतला तंतू केबलपेक्षा थोडा लांब असतो, त्यामुळं काचेतले ३४०० मीटर म्हणजे रस्त्यावरचे कदाचित ३१०० असतील. कोणत्या चेंबरमध्ये किती वेटोळं आहे हे लिहिलेलं असेल तर हा हिशोब दहा मिनिटांचा. लिहिलेलं नसेल तर टॉर्च घेऊन रस्त्यानं चालायचं आणि झाकणं शोधायची, त्यातली काही डांबराखाली गेलेली, कारण रस्त्याचं नवीन थर टाकणाऱ्यांना कोणी सांगितलंच नाही की इथं झाकण आहे, ते वर उचलून घ्या.

आणि आमच्याकडचं फायबर लोकेटरनं सापडत नाही, कारण त्या केबलमध्ये धातूच नाही. केबलसोबत तांब्याची एक बारीक तार, ट्रेसर वायर, टाकली असेल तरच वरून यंत्र फिरवून मार्ग कळतो. आमच्याकडं पहिल्या टप्प्यात ती टेंडरमध्ये होती की नव्हती यावर अजून वाद आहे, जमिनीत मात्र नाही हे नक्की. सगळ्या प्रकल्पात सगळ्यात स्वस्त वस्तू ती. दुसऱ्या टप्प्यात तार पण आहे, वरची इशारा देणारी पट्टीपण आहे, आणि चर बुजवायच्या आधी प्रत्येक चेंबरचा आणि प्रत्येक वळणाचा जीपीएससह फोटो घेतल्याशिवाय बिल पुढं सरकत नाही. फरक इतका आहे की दुसऱ्या टप्प्यातलं ब्रेकडाउन आलं तर मी जेवण संपवून निघतो.

खर्चाचं बोलायचं तर लोकांना वाटतं फायबर महाग असतं. केबल स्वस्त आहे राव, महाग आहे ते खोदणं आणि खोदलेलं परत बुजवून रस्ता जसाच्या तसा करणं. ४८ तंतूंच्या केबलऐवजी १४४ ची घेतली तर एकूण खर्चात जो फरक पडतो तो खोदाईच्या बिलासमोर दिसतही नाही, म्हणून मोजून मापून केबल घेणाऱ्यांचा मला राग येतो. रिकामा जादा डक्ट तर हवाच हवा. ४० मिलिमीटरचे एचडीपीई प्लास्टिकचे पाइप एकाऐवजी दोन किंवा तीन टाकून ठेवले की पुढची केबल हवेच्या दाबानं फुंकून घालता येते, खोदायला नको. आणि पाण्याची पाइपलाइन, गटार, फूटपाथ, कशासाठीही रस्ता उघडला की त्यात आपला डक्ट टाकून मोकळं व्हायचं, केबल नंतर बघू. बाहेर याला एकदाच खोदा असं धोरण म्हणतात, आपल्याकडं त्यासाठी फक्त रस्ते विभाग आणि आयटी विभाग यांनी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर असणं पुरेसं आहे, पण तेच होत नाही.

खोदाई वाचवायला उथळ चर मारायची कल्पना कोणी मांडली तर त्यांना लुइव्हिल सांगा. अमेरिकेतल्या या शहरात गूगल फायबरनं रस्त्यात जेमतेम दोन इंच खोल चिरा मारून केबल टाकली आणि वर सीलंट भरला. सीलंट उखडला, केबल रस्त्यावर दिसायला लागली, आणि २०१९ मध्ये त्यांनी ते शहरच सोडलं, वर रस्ते नीट करायला शहराला ३८.४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. मायक्रोट्रेंचिंग, म्हणजे अशा अरुंद उथळ चिरा मारणं, मुळात वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पुरेशा खोलीवर नीट केलं तर चालतं, पण दोन इंच म्हणजे चेष्टा आहे.

विजेचा मुद्दा पटकन. फायबरला वीज लागत नाही, स्विचला लागते. पंपिंग स्टेशनची लाइट गेली, जनरेटर पंपासाठी चालू झाला, आणि कोपऱ्यातल्या छोट्या कॅबिनेटचं कनेक्शन जनरेटरवर घेतलेलंच नाही, असं होतं. मग पंप चालू आणि कंट्रोल रूमला वाटतंय स्टेशन मेलं. प्रत्येक कॅबिनेटला यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या बदलायची तारीख दारावर आतून चिकटवलेली, आणि कॅबिनेटचं दार उघडलं तर अलार्म. बस.

आता एक गैरसमज, जो बैठकीत दर वेळी निघतो. ‘आपलं स्वतःचं फायबर आहे तर इंटरनेटचं बिल कशाला?’ अहो साहेब, फायबर आपल्या इमारतींमध्ये आपसात आहे, इंटरनेट बाहेरून विकतच घ्यावं लागतं. फरक एवढाच की आता तीसचाळीस ठिकाणी थोडं थोडं घेण्याऐवजी दोन ठिकाणी, दोन वेगळ्या कंपन्यांकडून, एकदम मोठं घेतो आणि आतल्या आत वाटतो, आणि ते घाऊक पडतं. दोन ठिकाणी का, तर एका इमारतीत आग लागली तरी शहर ऑफलाइन जाऊ नये.

आणि यापुढचा प्रश्न ठरलेला, मग घरोघरी का नाही देत? इथं माझं मत स्पष्ट आहे, घाई करू नका. स्वतःच्या इमारतींना सेवा देणं आणि नागरिकांना कनेक्शन विकणं हे दोन वेगळे धंदे आहेत, दुसऱ्यात कॉल सेंटर लागतं, बिलिंग लागतं, मार्केटिंग लागतं, आणि घराघरात जाऊन राउटर रीस्टार्ट करणारी माणसं लागतात. अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो शहरानं आयप्रोव्हो नावानं घरोघरी फायबर नेलं, ते झेपलं नाही, आणि शेवटी २०१३ मध्ये अख्खं नेटवर्क गूगलला एका डॉलरला दिलं, बॉण्डचं कर्ज मात्र शहराकडंच राहिलं. दुसरीकडं अमेरिकेतल्याच चॅटनूगा शहरानं २०१० मध्ये आपल्या सगळ्या क्षेत्रात गिगाबिट दिलं आणि ते चाललंय, पण तिथं ते काम शहराच्या वीज कंपनीनं, ईपीबीनं केलं, म्हणजे खांब त्यांचे, ग्राहक त्यांचे, बिलिंग आधीच चालू, रस्त्यावर रात्री उतरणारी टीम आधीच पगारावर, आणि वर स्मार्ट ग्रिडसाठी केंद्र सरकारचं जवळपास ११ कोटी डॉलरचं अनुदान. हे सगळं ज्याच्याकडं नाही त्यानं चॅटनूगाचं नाव घेऊन भाषण करू नये.

मला पटणारे नमुने दोन. एक स्वीडनमधलं स्टॉकहोम, तिथं १९९४ मध्ये शहरानं स्टोकॅब ही स्वतःची कंपनी काढली, ती फक्त डार्क फायबर भाड्यानं देते, म्हणजे नुसती काच, प्रकाश ज्याचा त्यानं घालायचा. टेलिकॉम कंपन्याच गिऱ्हाईक, कोणाशी स्पर्धा नाही, रस्ते पुन्हा पुन्हा खोदणं नाही. दुसरा अमेरिकेतलं सॅंटा मोनिका, त्यांनी १९९८ मध्ये आराखडा केला, आधी शहराच्या इमारती आणि शाळा जोडल्या, भाड्याच्या लाइनींचे वाचलेले पैसे त्याच जाळ्यात परत घातले आणि मग हळूहळू उद्योगांना भाड्यानं दिलं. सावकाश, पण स्वतःच्या पैशानं. आमच्याकडं १४४ मधले निम्मेही तंतू वापरात नाहीत, त्यातले काही एखाद्या कंपनीला दीर्घ मुदतीनं देऊन बदल्यात त्यांच्या मार्गावरचे तंतू आपल्याला घ्यायचे, अशी अदलाबदल करता येते आणि त्या पुलाच्या भानगडीला हाच उपाय आहे असं मी लिहून दिलंय. फाइल फिरतेय.

सर्व्हिसबद्दल. नेटवर्क आपलं असलं तरी रात्री दोन वाजता रस्त्यावर उतरणारे हात बहुतेक वेळा ठेक्यावरचेच असतात. आमचा देखभालीचा ठेका ‘चार तासांत पोचणे’ असा लिहिलाय, आणि ते पोचतात, खरंच चार तासांत पोचतात, पोचल्यावर गाडीत बसून स्प्लायसिंग मशीनची वाट बघतात. अटीत ‘पोचणे’ नको, ‘लिंक पूर्ववत करणे’ लिहा. सुटी केबल, जॉइंट बॉक्स, स्लीव्ह हे आपल्या गोदामात ठेवा, ठेकेदाराच्या नको, आणि केबल जमिनीत आहे त्याच जातीची ठेवा. आणि आपल्या पगारावर निदान दोन माणसं अशी हवीत ज्यांना ओटीडीआर वाचता येतो, नाहीतर ठेकेदार म्हणेल ती पूर्वदिशा, वर सांगितलेला दवाखान्याचा किस्सा नवीन केबलच्या बिलावर संपला असता.

कोणी घ्यावं? ज्यांच्या इमारती वीसपंचवीसच्या वर आहेत, एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि ज्यांचे रस्ते तसेही दरवर्षी कशासाठीतरी उघडतात, त्यांनी डोळे झाकून घ्यावं, सुरुवात पाण्यापासून आणि फायर स्टेशनपासून करावी, कॅमेऱ्यांपासून नको, कॅमेऱ्यांचं उद्घाटन छान होतं पण पाणी थांबलं तर लोक दारात येतात. दोनचारच कार्यालयं असलेल्या लहान गावांनी भाड्याचं डार्क फायबर मिळतंय का ते आधी बघावं. आणि ज्यांच्याकडं चेंबरचं रजिस्टर ठेवायला माणूसच नाही त्यांनी आधी तो माणूस भरती करावा.

एक राहिलंच. लिंक खराब झाल्याच्या ज्या तक्रारी येतात त्यातल्या भरपूर तक्रारींत काच, स्विच, केबल सगळं ठीक असतं, कनेक्टरच्या टोकावर धूळ बसलेली असते, ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे दरडच. पेनसारखा एक क्लीनर येतो, टोकाला लावून दाबला की क्लिक होतं आणि साफ, कोणताही कनेक्टर जोडायच्या आधी हा क्लिक झालाच पाहिजे. हे पेन बॉक्सनं मागवा, एकेक मागवलं की ते कायम दुसऱ्याच गाडीत असतं.